दोन सुतांची चूक

गाडीच्या इंजिनाचा पट्टा ओरडताना ऐकू आला की म्हाकू मिस्त्री असतील तिथे थांबत. सायकलवर असले तर उतरत, चहा पीत असले तर कप खाली ठेवत. एकदा शिरूरच्या एसटी स्टँडसमोर त्यांनी एक अनोळखी मालट्रक जवळजवळ आडवे होऊन थांबवला. मी बरोबर होतो. लोक बघायला लागले तसा मी दोन पावले मागे सरकलो.

ड्रायव्हरला वाटले, गाडी कुठेतरी पेटली. खिडकीतून डोके काढून तो ओरडला, "काय झालं? टायर गेला का?"

"टायर चांगला हाय. पट्टा रडतोय."

"मग तुला काय करायचंय? तुझ्या बापाचा हाय का पट्टा?"

"बापाचा असता तर रडू दिला नसता," म्हाकू मिस्त्री म्हणाले आणि बॉनेट उघडायची वाट बघत उभे राहिले.

शिव्या घालत ड्रायव्हरने बॉनेट उघडले. मिस्त्रींनी डायनमोचे नट ढिले केले, टॉमीच्या लोखंडी दांड्याने डायनमो बाहेर रेटला, नट पुन्हा कसले. मग अंगठ्याने पट्टा दाबला. तो दाबताना ते पट्ट्याकडे बघत नसत. मान वळवून भलतीकडेच, एखाद्या झाडाकडे किंवा पाटीकडे बघत. "आता दौंडापत्तूर गप जाशील," असे ड्रायव्हरला सांगून त्यांनी हात पुसले. चहासुद्धा घेतला नाही, कारण आधीचा अर्धा कप टपरीवर तसाच होता.

मी सत्तरी ओलांडली आहे. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते आता नाहीत. कारेगावच्या अलीकडे, हायवेला लागून, आमच्या ट्रान्सपोर्टचे आवार होते. तिथे मी वर्कशॉपचा सुपरवायझर आणि म्हाकू मिस्त्री माझ्या हाताखाली. गाड्या बहुतेक दुधाचे टँकर. मिस्त्री माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे होते, तरी मी त्यांना अरे-तुरे करी. डिप्लोमा माझ्याकडे होता, त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. आज लिहिताना मात्र एकेरीत हात वळत नाही.

ते राहू गावाच्या पुढच्या एका वस्तीवरचे. त्यांचे आजोबा मेंढरे घेऊन फिरत. वडिलांनी जमीन धरली आणि घर एका जागी बसले. भावाने चाळीसेक मेंढरे ठेवली होती. म्हाकू मिस्त्री दौंडच्या एका गॅरेजात काम शिकले आणि नव्वदच्या सुमारास आमच्याकडे आले. डोक्याला फेटा नसे, पण काम करताना टॉवेल असा गुंडाळत की लांबून फेटाच वाटे.

त्या काळी पट्टा घसरायला लागला की ड्रायव्हर त्याला साबण लावत. राहूकडचे ड्रायव्हर त्याहून पुढचे. गुऱ्हाळावरून येताना डबीत काकवी आणत आणि पट्ट्याला आतून चोपडत. तासभर पट्टा पुलीला चिकटून गप्प बसे. मग त्यावर धूळ बसे, मुंग्या लागत आणि तो आधीपेक्षा मोठ्याने ओरडे. मिस्त्रींना याचा भयंकर राग. "त्यो काय तरी सांगतोय, आन् ह्ये त्याच्या तोंडात गूळ कोंबत्यात. साखरपुडा हाय का पट्ट्याचा?"

दोन हजार साल उलटल्यावर मालकांनी सहा नव्या गाड्या घेतल्या. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. या नव्या इंजिनांत पट्टा हाताने कसायची सोय नव्हती. स्प्रिंग लावलेला एक आर्म होता, त्याच्या टोकाला छोटी पुली, आणि ती पुली पट्ट्याला आपोआप ताणून धरी. गाड्या द्यायला आलेल्या माणसाने बजावले, "याला आता कुणी हात लावायचा नाही."

मागून म्हाकू मिस्त्री हळूच म्हणाले, "सोवळ्यातलं इंजिन दिसतंय."

सहा महिन्यांत सोवळे मोडले. गाड्या तापू लागल्या, बॅटऱ्या उतरू लागल्या, न्हावऱ्याचा चढ आला की पट्टे किंचाळू लागले. यात माझा हात होता, पण मला ते कळले नव्हते. कंपनीचा पट्टा शिरुरात मिळत नसे, पुण्याहून यायला आठवडा लागे. म्हणून दुसऱ्या बनावटीचा पट्टा वापरायला मी परवानगी दिली होती. तो कंपनीच्या पट्ट्याहून बोटभर लांब होता. एवढ्याने काय होते, असे मला वाटले.

मिस्त्री एका चालू इंजिनासमोर उकिडवे बसले. सकाळी बसले ते जेवायच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत. मग मला बोलावून खडूने खूण केलेली जागा दाखवली. "साहेब, आर्म वढायचं बघतोय, पर त्यो टेकलाय. भितीला पाठ लावून कोन वढनार?"

खरेच होते. पट्टा लांब, म्हणून आर्म त्याच्या मर्यादेपर्यंत जाऊन अडथळ्याला टेकत होता. पुढे जायला जागाच नव्हती, त्यामुळे पट्ट्याला ताण नव्हता.

"मग कंपनीचाच पट्टा मागवू," मी म्हणालो.

"मागवा की. आन् तवर आठ दिस दूध डोस्क्यावर न्ह्यायचं का?"

त्यांनी अडथळा कानशीने घासून कमी केला आणि स्प्रिंगचे टोक अडकवायला नवे भोक पाडायचे ठरवले. ते भोक कुठे पाडायचे यावर त्यांनी तीन दिवस घालवले. भावाकडून लोकर तोलायचा ताणकाटा आणला. कंपनीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या एका गाडीचा आर्म त्या काट्याने ओढून पाहिला, काटा कुठे येतो ते पाहिले, आणि मग लांब पट्ट्यावर काटा नेमका तिथेच येईल अशी जागा शोधली. जुन्या भोकापासून सात सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; आमच्याकडचे मिस्त्री आणि सुतार सुतांतच मोजतात. मी विचारले, "नक्की सात?" ते म्हणाले, "काटा म्हनतोय सात. मी कोन?" मी मान डोलावली. कागदावर काही लिहिले नाही.

एकेक करून साही गाड्या तशा झाल्या आणि वर्षभर पट्टा ओरडला नाही. पोपट नावाचा आमचा एक ड्रायव्हर होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मिस्त्री, गाडी पार सुनबाईवानी गप झाली."

"सुनबाई गप झाली का जरा भ्यावं," मिस्त्री म्हणाले. "उंद्या बघतो तिला पुन्यांदा."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेच तपासली.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मेंढरे एकमेकांत मिसळली तरी ओळखू यावीत म्हणून धनगर त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतात. तसा मिस्त्रींनी प्रत्येक बदललेल्या आर्मवर तांबड्या रंगाचा ठिपका दिला आणि आम्हा सगळ्यांना उभे करून सांगितले, "ह्यो ठिपका दिसला का लांबच पट्टा घालायचा. कंपनीचा आखूड घातला तर स्प्रिंग लई वढंल आन् पान्याच्या पंपाचं बेरिंग खाईल. ध्येनात ऱ्हाईल ना?"

"राहील," असे मीही म्हणालो.

पुढच्या वर्षी निरोप आला की कंपनीचा इंजिनिअर गाड्या बघायला येणार आहे. सहांपैकी मागाहून आलेल्या तीन गाड्यांची वॉरंटी अजून चालू होती. परका पट्टा, घासलेला आर्म, नवे भोक, यातले काही त्याला दिसले असते तर वॉरंटी गेली असती, आणि परवानगी कुणी दिली हे अण्णांनी मला विचारले असते. मिस्त्री तेव्हा चार दिवसांच्या रजेवर होते. भावाची मेंढरे कातरायची होती. कातरणीला सगळी भावकी लागते, तिथे मिस्त्री असला तरी सुटका नसते.

मी पुण्याहून कंपनीचे तीन पट्टे मागवले. पोपटला ते तिन्ही गाड्यांना घालायला लावले. डिझेलचा बोळा घेऊन तांबडे ठिपके मी स्वतः पुसले. इंजिनिअर नीट वाकून बघणार नाही, वरून नवा पट्टा दिसला की पुढे जाईल, असा माझा अंदाज होता.

पट्टा चढवताना पोपटच्या कपाळावर घाम आला होता. "साहेब, ह्यो लई जड बसतोय. मिस्त्री येऊस्तवर ऱ्हाऊ द्यायचं का?"

"नवा आहे म्हणून जड वाटतो. बसव."

अंदाज खरा ठरला. इंजिनिअर आला, वरून बघितले, चहा घेतला, गेला. पट्टे लगेच परत बदलायचे असे मी मनाशी ठरवले होते. पण टँकर भरायला जायची वेळ झाली होती आणि दूध कुणासाठी थांबत नाही. दोन-चार फेऱ्यांनी काय होते, असे म्हणून मी गाड्या सोडल्या.

तिसऱ्या दिवशी पोपटची गाडी न्हावऱ्याचे दूध घेऊन दौंडच्या बाजूला निघाली. वाटेत पंपाचे बेरिंग फुटले, पंखा रेडिएटरमध्ये घुसला, पाणी सांडले. पोपटला तापमानाचा काटा वर गेलेला दिसला होता. पण टाकीत दूध होते, डेअरी जवळ आली होती, तो दामटत राहिला. पारगावच्या पुलाच्या अलीकडे इंजिन जाम झाले. मी जीप घेऊन पोहोचलो तेव्हा दुपारचे ऊन होते. दुसरा टँकर येईपर्यंत दूध नासले आणि रस्त्याकडेच्या चारीत सोडून द्यावे लागले. आसपासची कुत्री जमा झाली.

मी पट्टा कापून काढला, पुलापर्यंत चालत गेलो आणि भीमेत टाकला. पोपटने बघितले. तापलेली गाडी त्याने थांबवली नव्हती, म्हणून त्यालाही गप्प राहणे सोयीचे होते. उरलेल्या दोन गाड्यांचे पट्टे मी संध्याकाळच्या आत बदलले, ठिपके तसेच नव्याने दिले.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. शर्टाला लोकरीचे तुकडे चिकटलेले होते, अंगाला मेंढरांचा वास येत होता. कुणीतरी रस्त्यातच सांगितले असावे, कारण ते सरळ त्या गाडीकडे गेले. फुटलेले बेरिंग हातात घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिले.

"साहेब, पट्टा कंचा व्हता?"

"लांबच होता," मी म्हणालो.

"कुठं हाय?"

"तुटून पडला असेल रस्त्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितले. मला वाटले, त्यांना कळले. पण त्या नजरेत संशय नव्हता. ते मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. लांब पट्ट्यावर बेरिंग फुटले, म्हणजे स्प्रिंग जास्त ओढत होती. स्प्रिंग जास्त ओढत होती, म्हणजे भोक चुकले. दुसरा काही अर्थच निघत नव्हता.

अण्णांच्या केबिनमध्ये मी लेखी अहवाल दिला. 'मूळ रचनेत केलेल्या फेरफारामुळे' असे शब्द मी लिहिले होते. अण्णांनी वाचले आणि विचारले, "म्हाकू, तू हात लावला व्हतास का त्याला?"

"व्हय."

"कुणाला इचारून?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

"माझ्या मनानं," मिस्त्री म्हणाले.

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मिस्त्रींना काढले नाही. "इंजिनाला पुन्हा हात लावू नको, टायरचं बघ," एवढेच म्हणाले. पण मिस्त्रींनी दोन दिवस खपून उरलेल्या पाचही गाड्यांचे आर्म स्वतःच्या हाताने पहिल्यासारखे केले. घासलेल्या अडथळ्यांवर वेल्डिंग चढवून घेतले, स्प्रिंगा जुन्या भोकांत अडकवल्या, ठिपके खरवडून काढले; पट्टे मात्र लांबच राहिले. पाचवी गाडी आवाराबाहेर पडली तेव्हा फाटकातच तिचा पट्टा किंचाळला. सगळ्यांनी मिस्त्रींकडे बघितले. ते हात धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्याच आठवड्यात ते काम सोडून वस्तीवर गेले. ड्रायव्हर पुन्हा साबण वापरू लागले.

मी तिथे आणखी सात वर्षे होतो. मनात अनेकदा आले की जावे आणि सांगावे. दर वेळी वाटे, आता सांगून काय. पोपट सोडून गेला, अण्णांनी गाड्या विकल्या, मी रिटायर झालो. आणि मग एके दिवशी काही विशेष कारण नसताना मी राहूची एसटी धरली. स्टँडवरून एका ओळखीच्या पोराने मोटारसायकलवर वस्तीपर्यंत सोडले.

मिस्त्री ओट्यावर बसले होते. थकलेले दिसत होते, पण मला लगेच ओळखले आणि हात धरून शेजारी बसवले. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना 'तुम्ही' म्हटले. त्यांना ते विचित्र वाटले असावे. म्हणाले, "आता पाव्हना म्हनून आलाय म्हनून मानपान व्हय?"

सुनेने चहा आणला. मागच्या बाजूला मुलगा कडबाकुट्टी चालवत होता आणि तिचा पट्टा सारखा ओरडत होता. मी मिस्त्रींकडे बघितले. ते म्हणाले, "पोरगं बघंल. माणूस हाय एक, त्याला बोलावतो. मी आता कशाला हात लावीत न्हाई."

मग त्यांनी स्वतःहून विषय काढला. "साहेब, मी लई इचार केला त्याचा. सात सूत जास्त झालं. पाच पुरं व्हतं. ताणकाटा लोकरीचा, त्यो जुना; त्यानंच फसवलं आसंल. पर काट्याला कशाला नाव ठेवायचं? दोन सूत माझ्या हातानं चुकलं." आणि त्यांनी हात जोडले. "तुमाला अण्णाम्होरं मान खाली घालाय लागली. तवापासून तुमाला सांगायचं ऱ्हायलं व्हतं. माफ करा."

मी त्यांचे हात खाली धरले आणि सगळे सांगितले. इंजिनिअर, तीन पट्टे, डिझेलचा बोळा, पूल, नदी. काही सोडले नाही. "सात बरोबर होतं, मिस्त्री. पट्टा आखूड होता. मी घालायला लावला."

त्यांनी सगळे ऐकून घेतले. कडबाकुट्टी थांबली होती. त्यांनी विचारले, "आखूड व्हता, तर आर्म कुठं उभा व्हता? पार मागं गेल्याला, का मधी?"

मला आठवेना. मी बघितलाच नव्हता. पुलाजवळ त्या उन्हात मी फक्त पट्टा कापला होता.

"मधे असेल," मी म्हणालो.

"आन् पुलीच्या कंच्या अंगाला घास पडला व्हता?"

तेही मी बघितले नव्हते.

मिस्त्री हसले. त्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, साहेब. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून एवढ्या लांब आला. तुमचा सोभाव ठाव हाय मला."

"मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय. च्या घ्या, गार व्हतोय."

मी आणखी दोनदा सांगून पाहिले. प्रत्येक वेळी ते मान डोलवत आणि मला समजावल्यासारखे करत. निघताना मुलाला हाक मारून त्यांनी मला एसटीपर्यंत पोहोचवायला सांगितले. त्याच हिवाळ्यात ते गेले. मी दहाव्याला गेलो होतो. घाटावर त्यांच्या मुलाने माझी ओळख करून दिली, "ह्ये आबांचे साहेब. आबांच्या हातानं यांचं इंजिन जळलं, तरी यांनी कवा वाईट शब्द काढला न्हाई." चार लोकांनी मला आदराने नमस्कार केला. मी तोंड उघडले, आणि तेवढ्यात भटजींनी पुढच्या विधीला बोलावले.

म्हणून लिहितो आहे. म्हाकू मिस्त्रींच्या घरी कुणाच्या हाती हे पडले तर त्याने ते त्यांच्या नातवंडांना वाचून दाखवावे. आर्म कुठे उभा होता ते मला आजही सांगता येणार नाही. मी बघितला नव्हता. पट्टा आखूड होता. सात सूत बरोबर होते.